कौसाबाईची मान

"फिट लिहून द्या ना बाई, वॅगनी उभ्या आहेत," मुकादम दारातूनच म्हणाला. कौसाबाई अजून स्टुलावर बसलीसुद्धा नव्हती.

साठ-एकसष्टची गोष्ट. वणीजवळच्या एका कोळसा खाणीच्या दवाखान्यात मी डॉक्टर होते. कौसाबाई डोक्यावर टोपली घेऊन फळीवरून चढायची आणि वॅगनमध्ये कोळसा ओतायची. आठ दिवसांपूर्वी फळी सरकली आणि ती टोपलीसकट डोक्यावर आपटली. मी रजेवर होते. कंपाउंडरनं मलम लावून तिला घरी पाठवलं.

"जय भीम, बाई," ती म्हणाली. "मले उजवीकडे पाहताच येत नाही."

"नाटक करून राह्यली," मुकादम म्हणाला. "पहिलवानाले बोलावतो. एक झटका दिला का मोकळी होते."

"तुझी मान देतोस का त्याच्या हातात?" मी विचारलं. तो हसला. मला मात्र हसू आलं नाही.

मान तपासायची म्हणजे आधी पेशंटला स्वतः हलवू द्यायची. डावीकडे तिची हनुवटी खांद्यापर्यंत गेली. उजवीकडे निम्म्यावरच अडली.

"पाहा, मुद्दाम थांबवली," मुकादम म्हणाला.

आता हे सोंग आहे का, ते बघायची एक युक्ती आमच्या सरांनी शिकवली होती. मी म्हटलं, "कौसाबाई, समोरच्या कॅलेंडरवरून नजर काढायची नाही." आणि तिचं फिरतं स्टूल हळूच डावीकडे वळवू लागले. डोकं जागच्या जागी आणि धड डावीकडे, म्हणजे मान उजवीकडेच वळते. पण ते पेशंटच्या लक्षात येत नाही. सोंग करणारा इथं सापडतो. स्टूल निम्म्यावर आलं आणि तिचं डोकं धडाबरोबर ओढलं गेलं. ती कळवळली.

मी थांबले. मानेमागून एकेक मणका बोटांनी चाचपत खाली आले. एका मणक्यापाशी बोट खोल गेलं, जणू पायरीच. मग तिला माझी बोटं दाबायला सांगितली. डावा हात घट्ट, उजवा ढिला.

म्हणजे मणका सरकून हाताची नस दाबली जात होती. खरं तर हाताची ताकद मी स्टूल फिरवायच्या आधीच बघायला हवी होती. पहिलवानाचा झटका बसला असता, तर ही बाई जन्माची खाटेवर पडली असती.

वर्तमानपत्राच्या जाड घड्या घालून, बँडेज गुंडाळून मी तिच्या गळ्याभोवती पट्टा केला, तिला आडवं निजवलं आणि मॅनेजरसाहेबांकडे जीप मागायला गेले.

"जीप पाहुण्यांना आणायला जायची आहे. एस.टी.नं पाठवा."

"त्या रस्त्यानं? मान मोडलेली बाई?"

"मोडली असती तर चालत आली असती का? तुम्ही बाळंतपणं बघा, डॉक्टर. मजुरांचं आम्हाला कळतं."

"कळतं ना? मग फिट सर्टिफिकेटवर तुम्हीच सही करा," मी कागद पुढे सरकवला. त्यांनी पेनाला हात लावला नाही.

मी सरळ बाहेर आले आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली. त्यानं एकदा ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यापर्यंत कौसाबाईचं डोकं मी दोन्ही हातांत धरून बसले होते.

"मले पुन्हा काम करता येईन ना बाई?" तिनं दोनदा विचारलं. "आधी मान हलवायची नाही," मी म्हटलं.

एक्स-रेमध्ये एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरलेला दिसला. डोकं ताणून बांधलं, मग प्लास्टर. तीन महिन्यांनी ती आपल्या पायांनी खाणीवर आली. हातात जोर परत आला होता. टोपली मात्र कायमची बंद. बरीच भांडणं करून मी तिला खाणीच्या पाळणाघरात कामाला लावलं.

मुकादमाला कुणी काही विचारलं नाही. मेमो मला आला: परवानगीशिवाय जीप का नेली? मी उत्तरादाखल एक्स-रेचा रिपोर्ट जोडला. त्यावर पुढे काहीच आलं नाही.

नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगते: मान तपासायच्या आधी मुकादमाला खोलीबाहेर काढा.