दुपारचा खेळ

लग्नाला चार वर्षं झाली होती. नवरा भंडाऱ्यात शाळामास्तर. एका रविवारी त्याने आपणहून मला पिक्चरला नेलं, दुपारच्या खेळाला. पिक्चर नवरा-बायकोचाच होता. बायकोने डोळ्यांनी पाहिलेलं सगळं नवरा हसत हसत खोटं पाडतो आणि हळूहळू तिला वेडी ठरवतो.

अंधारात त्याने माझा हात धरला आणि लगेच पडद्यावरची बाई किंचाळली. मला बरं वाटलं, सांभाळतोय म्हणून. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. पडद्यावर कपाटाचं दार उघडायच्या आधीच त्याची बोटं आवळली गेली. त्यानंतर मी पडदा सोडून त्याच्या तोंडाकडेच पाहत बसले.

बाहेर आल्यावर विचारलं, "तुम्ही आधी पाह्यला काय हा पिक्चर?"

"नाही बा. काहून?"

पिक्चर लागून नऊच दिवस झाले होते. शाळा सुटली की तो सरळ घरी यायचा. फक्त मागच्या शनिवार-रविवारी नव्हता. त्याच्या आत्याला बरं नाही म्हणून दिघोरीला गेला होता.

मंगळवारी मी दिघोरीची बस धरली. आत्या अंगणात धान पाखडत होती, चांगली ठणठणीत.

"ये माय, एकटीच? त्याले तर दिवाळीपासून पाह्यलं नाही मी."

घरी येऊन मी त्याला सगळं विचारलं. तो चिडला नाही. हसला.

"पिक्चर घुसला तुया डोक्यात."

चार दिवसांनी माझा भाऊ दारात उभा. बहिणीला भास होतात, घेऊन जा, असा निरोप त्याला गेला होता. आत्यालाही बोलावून घेतलं होतं. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "आला होता ना तो. दोन दिवस माया उशाशी बसून होता."

"आन् मंगळवारी मी आली होती ते, आत्याबाई?"

"तू कधी आली, माय?"

भावाने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. घटकाभर मलाच वाटलं, आपण खरंच गेलो नव्हतो की काय. त्या घटकेची भीती अजून गेलेली नाही.

मी भावासोबत माहेरी, बपेऱ्याला आले. गावात वेडी म्हणूनच आले. धान कापणीला आलं तेव्हा बातमी आली, नवऱ्याने शाळेतल्याच एका बाईंशी घरोबा केला, त्यांना घरीच आणून ठेवलं. भाऊ माझ्याजवळ येऊन बसला.

"तू तवाच काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.