आर्वीपलीकडचं वावधन

वर्ध्याला गाडीतून उतरलो तेव्हा सकाळ सरत आली होती आणि फलाटाची फरशी चपलेतून भाजत होती. आमच्या दापोलीकडेही घाम येतो, पण वारा तरी असतो. इथे अंगाला ओलं घोंगडं गुंडाळल्यासारखं झालं. सातवीत शाळा सोडलेला मी, बोअर मारणाऱ्या गाडीवर कामाला. आमची गाडी आर्वीपलीकडच्या एका गावी पुढे गेली होती, तिला गाठायचं होतं.

आर्वीच्या एसटी स्टँडवर कँटीनमधला रेडिओ सांगत होता: विदर्भात हवा उष्ण आणि दमट राहील, तुरळक ठिकाणी वादळी वारे आणि विजा. मला धास्ती वाटली. चहावाला हसला. "तो रोजच सांगते. एखाद्या दिवशी खरं निंगन म्हणून सांगत राह्यते."

फाट्यावर उतरून चालू लागलो. कुठे सावली म्हणून नव्हती. थोडं पुढे गेल्यावर डोळ्यांपुढे काळं आलं आणि मी बसलो तो आडवाच झालो.

शुद्ध आली ती बंडीत (बैलगाडीत). डोक्यावर ओला दुपट्टा होता. हाकणारा माझ्याच वयाचा, गजानन. शेजारी त्याची आई, विमलमावशी. ती माझ्याच एसटीतून उतरली होती, आणि तिला न्यायला तो आला होता.

"उघड्या डोक्यानं काऊन निंगाला, बाबू? झाव (उन्हाचा तडाखा) लागली ना तुले!" ती म्हणाली.

"कोकणातला हाये म्हणते, माय. त्यायले वाटते ऊन बी समुद्रात बुडते," गजानन म्हणाला.

घरी तिने निखाऱ्यात कैऱ्या भाजल्या आणि त्यांचा गर माझ्या तळहातांना, तळपायांना चोळत राहिली. हळूहळू घाम सुटला, ताप उतरला. मग पुढ्यात सरगुंडे (काडीवर वळलेल्या गव्हाच्या शेवया) आणि आंब्याचा रस आला. मी पाया पडायला उठलो. "पडून राह्य चूपचाप," म्हणाली.

तोवर वारा पडला होता. पश्चिमेला आभाळ जांभळं झालं. गजाननच्या वावरात (शेतात) कुटार होतं, म्हणजे तुरीचा भुसा, बैलांचा चारा. भिजला की सडतो. बाकीच्यांनी दुपारीच भरून आणला होता. याची बंडी मला आणण्यात अडकली होती. "गेलो न आलो," म्हणून तो निघाला.

मग वावधन (वादळ) आलं. छपरांची टिनं उडाली, गारा पडल्या. एक वीज तर इतक्या जवळ कोसळली की चुलीवरचं भांडं थरथरलं. पाऊस थांबल्यावर एक बैल तुटलेल्या दाव्यानिशी एकटाच दारात येऊन उभा राहिला. मावशी त्याच्याकडे बघत राहिली.

माणसांनी गजाननला खाटेवर घालून आणलं. कडुनिंबाखाली सापडला होता. श्वास चालू होता. मला वाटलं, आता आर्वीला नेतील. त्यांनी त्याला उकिरड्याकडे नेलं, खड्डा केला आणि गळ्यापर्यंत शेणात पुरलं.

"दवाखान्यात न्या ना," मी म्हणालो.

"अंगात वीज हाये त्याच्या," एक म्हातारा म्हणाला. रागावला नव्हता. "शेण वढून घेते. माह्या बापानं एक असाच वाचवला. अन् तुले कोणं उठवलं आज? डाक्टरनं?"

मावशी मुलाच्या तोंडावरचा चिखल पुसत होती, माझे तळपाय चोळले तितक्याच खात्रीने. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाली, "थंड होऊन राह्यला, पाह्य. वीज उतरून राह्यली."

अंधार पडायच्या आत त्याचा श्वास थांबला.

दुसऱ्या दिवशी सगळं आटोपल्यावर मी निघालो, तर रडणाऱ्या बायकांमधून मावशीचा निरोप आला, उन्हात निंगू नको म्हणावं, ऊन उतरल्यावर जाजो. मी थांबलो.

दवाखान्यात तो वाचला असता का, मला माहीत नाही. माहीत असावं असं फार वाटतं. तिच्यामुळे मी मात्र वाचलो, हे माहीत आहे.

काम संपवून पावसाळ्यात घरी आलो. आईने विचारलं, "तिकडची माणसं कशी रे?"

"चांगली," मी म्हटलं. मावशीबद्दल सांगितलं, कैऱ्यांबद्दल सांगितलं. आईने तिथूनच हात जोडले. "तिच्या लेकराला देव उदंड आयुष्य देवो," म्हणाली.

मी हो म्हटलं.