तुमचं नाव येथे

कारखान्याच्या ऑफिसात मला सगळे ‘स्लाईडवाल्या बाई’ म्हणत. बिरवाडीजवळ आमचा कारखाना. महिन्यातून एकदा मुंबईहून मोठे साहेब येत आणि त्यांना पडद्यावर आकडे दाखवायचे असत. आकडे आमच्या साहेबांचे, पण ते बघणेबल दिसावेत ही जबाबदारी माझी. निळी पट्टी, कडेला रेघ, कोपऱ्यात एखादं फूल, असलं काहीबाही करून मी त्या रटाळ आकड्यांना नटवत असे. उत्पादन घसरलं की फुलं जरा जास्त काढायची, हे मी अनुभवाने शिकले होते.

दोन हजारचं दशक संपत आलं असताना मला इंटरनेटवर एक बाजार सापडला. तिथे लोक चक्क कोऱ्या स्लाईड विकत होते. सजावट तेवढी आपली, मजकूर घेणाऱ्याने आपापला भरायचा. अशा संचाला टेम्प्लेट म्हणतात. रिकामी वस्तू विकता येते यावर माझा विश्वासच बसेना, म्हणून मी ते पान तीनदा वाचलं. आणि तिसऱ्यांदा वाचताना मला बाबा आठवले.

बाबा पेंटर. पाचाडच्या खाणावळींपासून कशेडी घाटातल्या गॅरेजपर्यंत दुकानांचे बोर्ड त्यांच्या हातचे. अक्षर ठसठशीत आणि भोवती वेल. वेलीत पळसाची पानं, कुड्याची फुलं, करवंदांचे घोस. आमच्या डोंगरात जे उगवतं तेच. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आधी ‘पेंटर’, मग त्यांचं नाव, मग ‘पोलादपूर’. एसटीतून जाताना इतर लोक बोर्ड वाचायचे, बाबा कोपरे वाचायचे. कुठल्या कोपऱ्यात दुसऱ्याच पेंटरचं नाव दिसलं की पुढच्या थांब्यापर्यंत त्या माणसाच्या ‘क’ला नावं ठेवायचे.

मग फ्लेक्स आला. दुकानदार सकाळी महाडात फोटो नेऊन देत आणि संध्याकाळी स्वतःच्याच हसऱ्या चेहऱ्याचा बोर्ड घेऊन येत. बाबा कोणाशी भांडले नाहीत. ब्रश रॉकेलमध्ये धुतले, फडक्यात गुंडाळून ठेवून दिले आणि घरी बसले. दोन वर्षं बसले. भाजी कशी चिरावी, पोळी कुठे करपली, हे आईला सांगू लागले. आई म्हणायची, “या मानसाला कायतरी काम द्या गो कुनी, नायतर मीच जाते म्हायेरी.” ती हे हसून म्हणायची, पण मला हसू येत नसे. बाबा आता एसटीत खिडकीपाशी बसत नव्हते. हे माझ्या लक्षात आलं होतं आणि ते मला फार लागलं होतं.

म्हणून एका रविवारी मी त्यांच्यापुढे ड्रॉइंग शीटची गुंडाळी ठेवली. म्हटलं, “वीस स्लाईड करायच्या आहेत. वेल तुम्ही काढा, मी कॉम्प्युटरवर चढवते. पार परदेशात जाईल.”

परदेशाचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांनी एकच विचारलं, “माझं नाव कुठं येनार?”

“बघावं लागेल.”

“बघ. नाव नसंल तर माझ्या हातचं काम घराबाहेर जानार नाय.”

त्या बाजाराचे नियम मी ऑफिसातून छापून आणले होते. एकेक ओळ मराठीत सांगत गेले. चित्र स्वच्छ हवं. रंग पाचापेक्षा जास्त नकोत. नमुन्याचा मजकूर म्हणून कुठलीशी जुनी लॅटिन भाषा टाकायची. “ती कुनाला कळते?” बाबांनी विचारलं. “कुणालाच नाही, म्हणूनच टाकतात,” मी म्हटलं, आणि बाबा दोन वर्षांत पहिल्यांदा खो खो हसले. मग शेवटची ओळ आली. स्लाईडच्या तळाशी कोपऱ्यात लिहायचं: तुमचं नाव येथे.

बाबांनी मांडीवर थाप मारली. “बघ! तिकडच्या लोकांना रीत कळते. इकडंच हरवली.”

आता खरं सांगते. ‘तुमचं’ म्हणजे घेणाऱ्याचं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. रोज स्लाईड करणारी बाई मी, मला न कळायला काय झालं? पण बाबा उठून फडकं सोडत होते. ब्रशाचे कडक झालेले केस बोटांनी मोकळे करत होते. मी तोंडातून एक शब्द काढला नाही.

पुढचा महिना आमच्या घरात नुसती पानंच पानं होती. बाबा सकाळी डोंगरात जाऊन डहाळ्या आणायचे आणि दुपारी पडवीत बसून रंगवायचे. आईला भाजीबद्दल चकार शब्द नाही. सुटीच्या दिवशी मी महाडला जाऊन शीट स्कॅन करून आणायची, कागदाचा करडेपणा पुसायची, घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर वेल कापून स्लाईडवर बसवायची. सगळ्यात शेवटी बाबांनी सगळ्यात बारीक ब्रशाने एका चिठ्ठीवर सही रंगवली: पेंटर, नाव, पोलादपूर. ती मी इमानदारीने वीसही स्लाईडच्या कोपऱ्यात लावली. खरंच सुंदर दिसत होती. फाईल चढवायला सायबर कॅफेत दीड तास लागला, त्यात एकदा लाईट गेली.

दहा दिवसांनी उत्तर आलं. नकार. चित्रं छान आहेत, पण प्रत्येक स्लाईडच्या कोपऱ्यात एक न समजणारं चिन्ह आहे, ते काढून पुन्हा पाठवा.

“चिन्ह?” बाबा म्हणाले. “माझ्या नावाला चिन्ह म्हनले?”

मग मला सगळं सांगावं लागलं. की तो कोपरा घेणाऱ्याचा असतो. की हे मला आधीपासून माहीत होतं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंग ऱ्हाऊ दे.” ब्रश पुन्हा फडक्यात गेले. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही फुगून बसले, कारण चूक माझी असली की मला जास्त राग येतो.

पाचव्या दिवशी त्यांनी वाटणात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं आणि आईचं डोकं फिरलं. “तुमचं नाव वाचून कोन गेला होता वो दुकानात? लोक साखर आनायला जात होते! त्या वेलीकडं बघत उभे ऱ्हायचे ते मी बगितलंय. कोपऱ्याकडं बगनारे तुम्ही एकटे.”

तासाभराने बाबा कॉम्प्युटरपाशी माझ्या मागे येऊन उभे राहिले. “काढ.”

एक मास्टर स्लाईड असते. तिच्यावरची वस्तू सगळ्या स्लाईडवर दिसते, आणि तिच्यावरून काढली की सगळ्यांवरून जाते. सही मी तिच्यावरच लावली होती. सहीवर क्लिक केलं आणि एक बटण दाबलं.

“झालं?” बाबांनी विचारलं. “येकदम समद्यांवरचं?”

“हो.”

“रंगाचं पुसायला निदान घासावं लागतं,” ते म्हणाले आणि पडवीत गेले. मला इतकं वाईट वाटलं की फाईल पाठवायला नकोच असं झालं. तरी दुसऱ्या दिवशी पाठवली.

या वेळी स्वीकारली. शनिवारी मी बाबांना महाडला घेऊन गेले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, जणू मुलगी बघायला निघालेत. सायबर कॅफेत मी पान उघडलं. त्यांच्या करवंदांचे घोस, त्यांची पळसाची पानं जगाच्या बाजारात मांडलेली दिसली. बाबांनी चष्मा लावला आणि सवयीने आधी खाली बघितलं. चित्राखाली ‘कलाकार’ असं इंग्रजीत होतं आणि पुढे एक नाव. ते बोट ठेवून एकेक अक्षर जुळवू लागले. ते नाव माझं होतं. पहिल्याच दिवशी तिथे नाव नोंदवताना मी ऑफिसच्या सवयीने माझं नाव घालून मोकळी झाले होते. त्यांचं मी पुसलं, आणि माझं मात्र तिथे ठळक होतं.

“बाबा, चुकलं माझं,” मी म्हटलं. “खरंच लक्षात आलं नाही. मी लिहिते त्यांना, बदलायला सांगते.”

ते अजून अक्षरंच जुळवत होते. पूर्ण झाल्यावर त्यांनी माझं नाव मोठ्याने वाचलं.

“हे नाव कुनी ठेवलं तुझं?”

“आत्यानं.”

“आत्यानं कानात सांगितलं. लिवलं कुनी? बारशाला पाळन्यावर, पिवळ्या रंगात? बारा दिसांची होतीस तू. तुझं नाव पयल्यांदा लिवलं ते मी.”

मला पडदा दिसेनासा झाला. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस वळून बघायला लागला. बाबा मात्र पुढे झुकून वेल तपासत होते. “पुढच्या टायमाला भेंडीची पानं घेऊ,” ते म्हणाले. “आन् तुझं नाव हाय तिथंच ऱ्हाऊ दे.”