गिरणीच्या भोंग्यावरचा धूमकेतू

स्वतःचं घर नेमकं कुठं आहे हे साऱ्या बारामतीत फक्त आमच्या आत्याच्या यजमानांनाच ठाऊक होतं. बाकी आम्ही सगळे अंदाजाने राहत होतो. "जागा म्हंजी शेजाऱ्यापास्नंचं अंतर," असं आतोबा म्हणत. कोणी पत्ता विचारला, तर देऊळ, आड आणि चिंचेचं झाड या तिन्हींपासूनची अंतरं सांगत, आणि विचारणारा हळूच दुसऱ्याला गाठी. धंदा फोटोग्राफीचा. वऱ्हाडाचा फोटो काढताना विहीण आणि व्याही यांच्या खुर्च्यांमध्ये टेप धरत; त्यावरून एका मांडवात रुसवाही झाला होता. ताटात लोणचं जरा सरकलं, तरी म्हणत, "हे काल हितं नव्हतं." आत्या म्हणे, "मग लावा दुर्बीण!"

दुर्बीण खरोखरच होती. पत्र्याची नळी, जुन्या बाजारातली भिंगं आणि नळीच्या मागच्या टोकाला बांधलेला कॅमेरा. तिसाच्या दशकातल्या त्या वर्षी पश्चिमेला दिवेलागणीनंतर एक धूमकेतू दिसे. आतोबा रोज काचेच्या प्लेटवर त्याचा फोटो घेत. सकाळी ती प्लेट खिडकीच्या उजेडात धरून, ओळखीच्या ताऱ्यांपासून तो किती लांब आहे ते बारीक पट्टीने मोजत आणि मापं एका लांबच्या वेधशाळेला पाठवत. तिथून उत्तर आलं, की ते आठवडाभर इस्त्रीचा कोट घालून हिंडत. तारे जागचे हलत नाहीत, धूमकेतू मात्र सरकत राहतो. म्हणून फोटो किती वाजता घेतला ते नक्की ठाऊक नसेल, तर माप फुकट. स्टेशनच्या घड्याळाला रोज तारेने वेळ येई. तिथं जाऊन आतोबांचं घड्याळ लावून आणणं, हे माझं काम. मी तेव्हा कचेरीत नुकता कारकून लागलो होतो.

एके दिवशी मी स्टेशनऐवजी इंदापूरच्या मोटारीत बसलो. तिथली एक मुलगी मला सांगून आली होती. वडीलधाऱ्यांनी पाहिली होती, मी नव्हती. तिच्या आळीतून उगाच फेऱ्या मारत होतो, तर दारातून आवाज आला, "कुणाचं घर हुडकताय?"

"चुकलो वाटतं."

"मगाशीबी चुकलावता की!" ती हसली. तीच ती मुलगी.

त्या हसण्यापायी परतायला उशीर झाला. आतोबांचं घड्याळ मी गिरणीच्या संध्याकाळच्या भोंग्यावर लावलं. तो भोंगा मालकाचा चहा झाल्यावर, उशिराच वाजतो, हे गावाला माहीत होतं. मलाही होतं.

पुढं वेधशाळेचं पत्र आलं: सगळी मापं एका ओळीत बसतात, एकच पुढं पळतं. पोस्टातून ही बातमी गावभर झाली. न्हावी आतोबांना म्हणाला, "तात्या, तुमचा शेपटीवाला मोटार धराया पळाला म्हनं!"

"व्हय, मापताना माजीच पट्टी चुकली," आतोबा म्हणाले. वेधशाळेलाही त्यांनी तेच कळवलं. त्यानंतर तिथून उत्तर कधीच आलं नाही. इस्त्रीचा कोट पेटीत गेला.

मी चाचरत म्हणालो, "आतोबा, पट्टी चुकली नव्हती."

"ठावं हाय. त्या सांजंला त्यो पाव तास पुढं गेला. त्यो कशाला घाई करंल? उशीर आपल्यातल्याच कुनाला तरी झाला आसंल." मग हळूच, "पोरगी बरी हाय का?"

"मी गावाला खरं सांगतो."

"गप. कुठं हुतास तेबी सांगावं लागंल. तिचं नाव निघंल, लगीन मोडंल. मला तर लोक आदीच येडा म्हंत्यात."

लग्न झालं. गाव मात्र आतोबांना मरेपर्यंत चुकीची पट्टीवाला म्हणत राहिलं, आणि मी संसार करत गप्प राहिलो. आता ते नाहीत, गेल्या वर्षी तीही गेली. म्हणून लिहितो: पट्टी बरोबर होती.

आमच्या लग्नाचा फोटो त्यांनीच काढला. "अंतर फार हाय," असं सगळ्यांदेखत म्हणून मला दंडाला धरून तिच्याकडं सरकवलं होतं. त्याची निगेटिव्ह काच अजून माझ्यापाशी आहे. उजेडात धरली, की चेहरे काळे दिसतात आणि तिचं कुंकू तेवढं ताऱ्यासारखं चमकतं. मी अगदी शेजारी आहे, आतोबांनी बसवलं तिथंच.