दाजूच्या मुलीचा व्हिसा

जबल अलीच्या आमच्या वेअरहाउसमध्ये मी एचआर बघते. बघते कसली, वशिले निस्तरते. पुण्याहून इथे आखातात येऊन एकोणीस वर्षं झाली आणि जो तो कुणाचा तरी सीव्ही घेऊन टेबलाशी उभा. मेव्हणा, भाचा, शेजाऱ्याचा मुलगा. 'इन्शाल्ला, बघू' म्हणून म्हणून वीट आलाय.

गेटवरचा नेपाळी गार्ड तेवढा कधी आला नाही. त्याला सगळे दाजू म्हणतात, म्हणजे मोठा भाऊ. तरुणपणी तो लाल झेंडा घेऊन डोंगरात लढलेला. राजा जाईल, जमीन कसणाऱ्याला मिळेल, पोटासाठी कुणाला देश सोडावा लागणार नाही, असं गावोगाव सांगत फिरायचा. राजा गेला. बाकीचं राहूनच गेलं. बरोबरचे काही जण मंत्री झाले आणि खुर्ची टिकवायला कधी दिल्लीकडे, कधी बीजिंगकडे बघू लागले. एकदा चहा घेताना मी त्याला चिडवलं, तुमचा नवा पंतप्रधान आधी कुठे जाणार, आमच्याकडे की त्यांच्याकडे? तो हसला नाही. आमच्याकडे खुर्चीवर कोण बसणार हे आमच्याआधी तुम्हालाच कळतं, एवढंच म्हणाला. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं.

म्हणून पॅकिंगच्या अर्जांत त्याच्या मुलीचा अर्ज दिसला, तेव्हा वाटलं, भिडस्त माणूस, मागायला लाजत असेल. त्याला न विचारता मी तिची फाइल पुढे सरकवली. इंटरव्ह्यू फोनवरच झाला. व्हिसाही निघाला. आयुष्यात एकदा तरी मनापासून वशिला लावला म्हणून मी खूश होते.

दुसऱ्याच दिवशी दाजू पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आला. मुलीने अर्ज केलाय, हे त्याला बायकोकडून कळलं होतं. व्हिसाचं अजून माहीत नव्हतं.

"दीदी, उसको मत लेना।"

काय बोलणार, कपाळ! आगाऊपणा नडला माझा. त्याच्या घरातला निर्णय मीही त्याला न विचारता घेऊन मोकळी झाले होते. व्हिसा निघाल्याचं सांगितलं आणि म्हटलं, कॅन्सल करते, आत्ता करते. त्याने वाकून स्क्रीनवरचा तिचा फोटो बघितला. मग नको म्हणाला. गावातल्या तिच्या बरोबरीच्या सगळ्या मुली कुठे ना कुठे निघून गेल्यात. तिने तरी तिथे राहून काय करायचं? हे तो माझ्याशी बोलत नव्हताच. मला रडू आलं, पण त्याच्यासमोर रडायचा मला काय हक्क?

जाता जाता त्याने एक गोष्ट मागितली. शिफ्ट सुटली की गेटवर प्रत्येकाची बॅग उघडून बघायची, हे त्याचं काम.

"दीदी, उसकी शिफ्ट मेरे टाइम पे मत रखना।"

तिला मी सकाळची शिफ्ट दिली आणि दाजूला दुपारनंतरच्या ड्यूटीवर टाकलं, तिची शिफ्ट सुटल्यावर दोन तासांनी. आता बापलेकीची भेट फक्त शुक्रवारच्या सुट्टीत होते.