पहाऱ्यावरचा जावई

माझं काम नेमकं काय आहे, हे माझ्या सासऱ्यांना पहिल्यांदा समजलं ते जामसांवलीला, मारुतीच्या दर्शनाच्या रांगेत. शनिवार होता. रांग पार बाहेरच्या नारळाच्या दुकानांपर्यंत आली होती आणि ऊन डोक्यावर. ते म्हणाले, "जावईबापू, लोक मले इचारतात, तुमचे जावई काय करतात म्हनून. मी म्हनतो, कम्प्युटर. पन कम्प्युटरमंदी काय, थे मले बी सांगता येत नाई." मी म्हणालो, समजा या रांगेत कुणीतरी मुद्दाम हजारो भाड्याची माणसं आणून उभी केली. त्यांना दर्शन घ्यायचं नाही, नारळ फोडायचा नाही, नुसतं उभं राहायचंय. मग खरे भक्त कुठं राहतील? "सडकेवर," सासरे म्हणाले. आमची रांग ऑनलाइन गेमच्या सर्व्हरपुढे असते, एवढाच फरक. कुणीतरी खुन्नस म्हणून खोटी गर्दी सोडतो आणि खेळायला आलेली पोरं बाहेर राहतात. ती खोटी गर्दी ओळखून दारातच अडवायची, हे माझं काम. त्यांनी रांगेकडे एकदा मागेपुढे पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे तुमी पहारा देऊन राह्यले!"

घरी पोचेपर्यंत त्यांनी ही गोष्ट प्रसादवाल्यासकट सगळ्यांना सांगितली होती. तेव्हापासून पांढुर्ण्यात मी पहारेवाला जावई.

मी सौसरचा. कंपनी पुण्यात, पण मी आमच्या घराच्या वरच्या खोलीत बसून काम करतो. सासुरवाडी पांढुर्ण्याला. मध्य प्रदेश सरकारनं पांढुर्णा जिल्हा करून आमचं सौसर त्यात टाकल्यापासून सासरची मंडळी मला फार छळतात. चहाचा कप हातात देतानासुद्धा "घ्या, जिल्ह्याच्या ठिकानचा च्या हाय" असं म्हणतात. मी चिडतो, ते हसतात. खरं तर मला तिथं फार जपतात, आणि नेमकं तेच मला झेपत नाही.

कारण लहानपणापासून आमच्या घरात मोठ्या काकांबद्दल एकच वाक्य ऐकत आलो, की तो सासऱ्याच्या जिवावर उभा राहिला. काका भला माणूस होता, पण लग्नकार्यात त्याची पाठ वळली की कुणीतरी हे बोलायचंच. मी लग्नाच्या आधीच ठरवून टाकलं होतं की माझ्याबद्दल असं एक अक्षर कुणी बोलता कामा नये. त्यामुळे पांढुर्ण्यात बायकोच्या चुलतभावाच्या दुकानात गाडीचं पंक्चर काढायचं असलं तरी मी नंबर लावून उन्हात उभा राहतो. तो "या ना भाऊजी, तुमची आधी करतो" म्हणाला की मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "नाही, रांगेनं होऊ दे." बायको एकदा वैतागून म्हणाली होती, "हे साधं राह्यनं नोहे. हा तोरा हाय तुमचा." मी तेव्हा दोन दिवस तिच्याशी धड बोललो नव्हतो.

माझा साळा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. कापूस आणि संत्रा दोन्ही घरात असताना याला गेमिंगचं वेड. सासऱ्यांच्या घराची रस्त्याकडची एक खोली त्यानं मागून घेतली, त्यात जुळवाजुळव करून कम्प्युटर मांडले, आणि गावातले खेळणारे तिथं जमू लागले. सासऱ्यांना हे अजिबात पसंत नव्हतं. दर वर्षी मृग लागायच्या आधी त्या खोलीत खताची पोती येतात. पण साळ्याची टीम आजूबाजूच्या शहरांना हरवत हरवत एका मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या फेऱ्यांत पोचली, तेव्हा सासरे थोडे नरमले. म्हणाले, "मॅच मी सोता पाहीन. पाह्यन्यासारखं असन तं खोली तुही. नाई तं पोत्याईले जागा लागते." साळ्याला एवढंच हवं होतं. त्या एका सामन्यावर त्याची खोली होती.

ती स्पर्धा ज्या सर्व्हरवर होती त्याचा पहारा आमच्या कंपनीकडे होता, आणि त्या दुपारी ड्यूटी माझी होती. मी काही ती मागून घेतली नव्हती. साळ्याला बजावून ठेवलं होतं की हे कुणाला सांगू नकोस. त्यानं अर्थातच सगळ्या गावाला सांगितलं.

सामन्याच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "भाऊजी, बाबांनी सडकेवर खुर्च्या टाकल्या. कूलर लावला. सारा मोहल्ला येऊन राह्यला. पोट्टे आपापल्या मोबाइलवर बी गेम उघडून पाहनार हायेत. काई लफडं तं नाई होनार ना?" खेळाच्या आतूनच सामना बघायची सोय होती, म्हणून तो विचारत होता. मी जरा आखडूनच म्हणालो, "सर्व्हरला असल्या गर्दीनं काही होत नसतं."

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात हल्ला आला. स्पर्धा असली की कुणीतरी हे करतोच, आम्ही तयारीत होतो. स्क्रीनवरची रेघ उभी चढत गेली, आमची यंत्रणा खोटी गर्दी बाजूला काढू लागली. अशा वेळी ती एक नियम कडक करते. इंटरनेटच्या एकाच पत्त्यावरून भरमसाट मागण्या आल्या की तो पत्ता बंद. नियम चांगला आहे, पण आंधळा आहे. आपल्याकडे छोट्या गावांत केबलवाला सगळ्या गावाला मिळून इंटरनेटचा एकच बाहेरचा पत्ता देतो. आतून शंभर घरं असोत, बाहेरून सगळे एकाच दारातून येताना दिसतात. म्हणजे एखादं गाव उत्साहानं एकदम खेळात शिरलं तर यंत्रणेला तो हल्लाच वाटतो. म्हणूनच तिथं माणूस बसवलेला असतो. बंद झालेला पत्ता पाहायचा, ही खरी माणसं आहेत अशी खात्री पटली तर कारण लिहून दार उघडायचं. कुणाला विचारायची गरज नाही, तो अधिकार ड्यूटीवरच्या माणसाचाच.

त्या दुपारी मी आधी एका कॉलेजचं हॉस्टेल उघडलं. मग दक्षिणेकडच्या कुठल्याशा शहरातली एक वसाहत उघडली. दोन्ही ठिकाणं मी आयुष्यात पाहिलेली नाहीत. येणाऱ्या मागण्यांची चाल पाहिली, माणसं वाटली, कारण लिहिलं, सोडून दिलं.

मग पांढुर्ण्याचा पत्ता बंद झालेला दिसला.

मला चाल बघायचीही गरज नव्हती. ती गर्दी कोण आहे हे मला नावानिशी माहीत होतं. ती खुर्च्यांवर बसली होती, तिच्यात माझे सासरे होते, आणि ती सगळी माझ्याच साळ्याला बघायला आली होती. त्या बघणाऱ्यांनीच त्याचं दार लावलं होतं. टीम अर्ध्या सामन्यातून बाहेर फेकली गेली होती. मी कारणाच्या रकान्यापाशी थांबलो. काय लिहू? माझी सासुरवाडी आहे? उद्या कुणी तपासलं तर? हल्ला चालू असताना पहारेकऱ्यानं साळ्याच्या टीमसाठी दार उघडलं, असं कुणी म्हटलं तर? मला काका आठवला. मी तो पत्ता माझ्या साहेबांकडे मंजुरीसाठी पाठवला आणि हात बाजूला घेतले.

टेबलावर फोन थरथरत होता. साळ्याचं नाव. मी फोन पालथा घातला. पुन्हा थरथरला. खरं सांगायचं तर त्या वेळी मला स्वतःचा थोडा अभिमानच वाटत होता. घरच्यांसाठीही नियम वाकवला नाही वगैरे. नियमानं तर मला उघडायलाच सांगितलं होतं, हे मी त्या वेळी मनाच्या आसपास फिरकूसुद्धा दिलं नाही. आज हे लिहिताना कान गरम होतात.

साहेब दुसऱ्या एका गडबडीत होते. त्यांचं उत्तर आलं तेव्हा स्पर्धेनं टीमला परत येण्यासाठी दिलेली मुदत संपत आली होती. उत्तर एका ओळीचं होतं. "हे मला कशाला विचारलंस? उघड ना."

मी उघडलं. सगळं पांढुर्णा एकदम आत आलं, समोरची टीम विजयी घोषित होताना पाहायला.

संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर माझं कौतुक झालं. एवढा हल्ला झाला तरी स्पर्धा एक क्षणही थांबली नव्हती. लोकांनी अंगठे पाठवले. मीही हात जोडलेलं चित्र पाठवलं.

पांढुर्ण्यात सगळा राग निघाला केबलवाल्यावर. त्याच्या दुकानावर लोक गेले, त्याला काय वाट्टेल ते बोलले. बायकोच्या फोनवर ते सगळं कळत होतं. दुसऱ्या दिवशी तो बिचारा भर उन्हात खांबाखांबावर चढून डबे उघडून बघत होता म्हणे, दोष कुठं सापडतो का ते. सासरे साळ्याला काही वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "सारा येळ स्क्रीनवर येक गोल फिरताना पाह्यला बापा मी." आणि खतवाल्याला फोन करून पोती पाठवायला सांगितली.

नेमका अधिक महिना चालू होता. या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला बोलावून पाय धुतात, ओवाळतात, धोंड्यांचं जेवण घालतात, अनारशांचं वाण देतात. येत्या रविवारी आमचं बोलावणं होतं. मी काम काढायचा प्रयत्न केला, पण बायकोनं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मी गाडी काढली. सौसर सोडल्यावर मी तिला सगळं सांगितलं. संत्र्यांचे बगीचे मागे पडेपर्यंत ती ऐकत होती. मग म्हणाली, "भावाच्या हातचं पानी पायावर घ्याच्या आधी तिथं सांगजा. नाई तं मी सांगीन."

आंगणात मंडप घातला होता. सासऱ्यांचे भाऊ, शेजारी, चारपाच बायका. साळ्याच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतून खताचा वास येत होता. एका कोपऱ्यात कम्प्युटर चादरीखाली झाकून ठेवले होते. कुणीतरी पुन्हा केबलवाल्याचा विषय काढला, त्याला बदलायचा म्हणून. मी बसल्या जागी सांगून टाकलं. केबलवाल्याची काही चूक नव्हती, दार माझ्याकडून बंद राहिलं. मला उघडता येत होतं, मी उघडलं नाही. लोक म्हणतील की साळ्याचं काम केलं, म्हणून.

सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "पाहा! याले म्हनतात इमान! सोताच्या साळ्याले बी सोडलं नाई!" शेजारचे एक आजोबा मान डोलवत म्हणाले, "आजकाल कुठी हाय असं?" मी म्हणालो, "तसं नाही मामाजी, मी चुकलो." ते हसले. "पाहा, वरून म्हनते चुकलो." त्यांचा चेहरा फुलला होता. मुलाचा सामना हातचा गेला हे विसरून ते जावयाचं कौतुक सगळ्यांना वाटत होते, जामसांवलीच्या प्रसादासारखं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या ऐकून घेतल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. पण त्यांनी मला आणखी उंच पाटावर बसवलं.

साळा खांबाला टेकून उभा होता. तो रागावलेला नव्हता. हिशेब लागत नसला की माणूस जसा विचारतो तसं त्यानं विचारलं, "भाऊजी, येक सांगा. त्या येळेस दुसरं कोन्तं गाव अटकलं असतं तं?"

"सोडलं असतं."

"लगेच?"

"लगेच. दोन सोडले बी होते." माझ्याही तोंडून पांढुर्ण्याचीच बोली निघाली.

त्यानं मान हलवली. "मंग आमी तुमच्या ओळखीचे नसतो, तं खेळलो असतो."

सासऱ्यांचं हसू तिथंच थांबलं. आजोबांनी पानाचा डबा उघडला. तेवढ्यात सासूबाई आतून परात आणि पाट घेऊन आल्या. त्यांनी यातलं काही ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही. "चला, उशीर झाला," म्हणाल्या. बायको माझ्या शेजारी येऊन बसली, माझ्याकडे न बघता.

पाणी घालायचं काम घरच्या मुलाचं. साळ्यानं तांब्या उचलला. सासरे माझ्यापुढे उकिडवे बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझा पाय धरला. मघापर्यंत सगळीकडे फिरणारी त्यांची नजर आता परातीतून वर येत नव्हती. साळा वाकून पाणी घालताना म्हणाला, "थंडं तं नाई ना लागत?" कुणाही पाहुण्याला विचारावं, तसं.

पाय मागे घ्यावासा वाटला. पण सगळे बघत होते, आणि जावयानं अधिक महिन्यात पाय मागे घेतला तर लोक काय म्हणतील, म्हणून मी तो तसाच पुढे ठेवला.