बोलता अंक आणि दादीची कॅसेट

हसायचं नाही, आधीच सांगतो! गाढवपणा प्रत्येकाच्या हातून होतो, पण माझा थेट कुवेतपर्यंत जाऊन आलाय.

साल दोन हजार दोन. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात मुलांचं वर्तमानपत्र निघायचं आणि मी त्याचा संपादक. मग काय, डोक्यात हवा! जाहीर करून टाकलं, "यंदा कागद बंद. अंक सीडीवर. फोटो दिसणार, माणसं बोलणार!"

पहिलाच विषय आमच्यातल्या सलमाच्या घरचा. तिचा भाऊ युसुफ कुवेतला नोकरीला. लेक झाली तरी सुट्टी नाही, बिचाऱ्याने पोरीचं तोंडही पाहिलेलं नाही. ठरलं असं, की सलमाची दादी पोरीला पाळण्यात घालून गाणं म्हणणार आणि पहिली सीडी युसुफला जाणार.

आम्ही घरी पोचलो, तर दादी उशाशी टेपरेकॉर्डर घेऊन बसलेली. "आम्ही आपली कॅसेटच भरून धाडतो हो त्याला."

"दादी, बाजूला ठेवा ते. कॅसेटचा जमाना गेला!" इति मी.

"बरं बाबा," म्हणून तिने तो पाळण्यामागे सरकवला.

काय गायली म्हातारी! पोरगी तर अशी खिदळली, की माझेही डोळे भरून आले.

उसन्या कॅमेऱ्यातलं सगळं सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर उतरवलं, कॅमेरा पुसून परत केला आणि तीन महिने खपून अंक जुळवला. पडद्यावर अंकाचं छोटं चित्र आलं. क्लिक केलं की दादी गाते! तेच चित्र चाळीस सीड्यांवर चढवलं, तिथल्या तिथे दहादा वाजवून पाहिलं. एक सीडी कुवेतला निघालेल्या शेजाऱ्याबरोबर रवानाही केली.

प्रकाशनाला हॉल गच्च. पहिल्या रांगेत प्राचार्य, शेजारी नातीची लेक मांडीवर... छे, नातवाची लेक मांडीवर घेऊन दादी. मी ऐटीत क्लिक केलं.

"फाइल सापडत नाही."

दुसरी सीडी. तेच. पाचवी. तेच!

"अंक बोलणार कधी?" प्राचार्यांनी विचारलं. "आत्ता बोलेल, सर!" म्हणत मी बाहेर सटकलो.

धावत जाऊन कॅफेवाल्याला फोन लावला.

"अरे, चित्राच्या कोपऱ्यात बाण होता ना? तो नुसता रस्ता दाखवतो. गाणं माझ्याच मशीनमध्ये राहिलं."

"मग द्या ना काढून!"

"व्हायरस घुसला होता रे. काल सगळं पुसलं."

संपलं! चाळीस सीड्या आणि गाणं एकावरही नाही. पोरगी आता रांगायला लागलेली, पाळण्यातलं ते खिदळणं परत कुठून आणू? संध्याकाळी दादीचे पाय धरले आणि चक्क रडलो. "दादी, माफ करा. युसुफकडे रिकामी सीडी गेली."

"रडतोस काय मेल्या? त्याला कॅसेट पोचलीसुद्धा."

"कसली कॅसेट?"

"त्याच दिवसाची. तू बाजूला ठेव म्हणालास, बंद कर कुठे म्हणालास?"

मी सुटलो म्हणून नाचायचाच बाकी होतो, तेवढ्यात युसुफचा फोन आला. सलमाने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"भाई, गाणं ऐकून खोलीतली सगळी रोज रडतात. पण त्याआधी एक येडा बोलतो, त्याला ऐकून लोळून लोळून हसतात. कोण रे तो, 'कॅसेटचा जमाना गेला' म्हणणारा?"

"असेल कोणीतरी," मी म्हटलं.

"हाच! हाच आवाज!" युसुफ ओरडला.